ऑक्टोबरात तळ्याकाठी सात दिवस: पहिल्यांदा कार्पच्या मागे जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडात नवीन आलेल्या आपल्या माणसाला कार्पवाले, म्हणजे गळाने कार्प मासा धरणारे, पहिल्यांदा दिसतात ते असे, रविवारी तळ्याभोवती चक्कर मारायला जावं तर झाडीत हिरवा तंबू, पुढे दोन-तीन रॉड आडवे ठेवलेले, आत एक बाप्या बूट घालूनच झोपलेला, आणि आपल्याला कळत नाही हा मासे धरायला आलाय की घरातून हाकललाय. मीही हसलो होतो. आता दरवर्षी ऑक्टोबरात एक आठवडा तसा झोपलेला मीच असतो आणि लोक माझ्याकडे बघून हसतात, तर ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी देवगडकडचा. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात, खाडीवर गरवायला जाणं म्हणजे भरती बघून दोन तासांचं काम, लागलं तर कालवण नाहीतर डाळ. त्याच हिशोबाने मी इथे पहिला आठवडा बसलो आणि सहा रात्रींत एक मासा नाही. इथे त्याला ब्लँक म्हणतात. कारण अगदी साधं होतं, कार पार्कपासून जी जागा सगळ्यात जवळ तिथे मी तंबू ठोकला, मासे तळ्याच्या दुसऱ्या टोकाला रोज सकाळी उड्या मारत होते, मला ते दिसतही होते, पण एवढं सामान परत कोण हलवणार म्हणून मी सहा दिवस तिथेच बसून चहा पीत राहिलो. तेव्हा या लेखात रॉड-रीलपेक्षा चालण्याबद्दल जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

आधी समजून घ्या कुठे चाललोय

कार्प म्हणजे आपल्याकडे धरणांत सापडतो तो सायप्रिनस, तोच मासा. इथे त्याचे प्रकार खवल्यांवरून ओळखतात, अंगभर सारखी खवलं तो कॉमन, थोडीच मोठी मोठी आरशासारखी तो मिरर, आणि जवळपास खवलंच नाहीत तो लेदर. स्पेसिमेन लेक म्हणजे जिथे मासे मोजके पण जुने आणि मोठे असतात. रोज पाच-दहा मासे देणारी तळी वेगळी, ती शिकायला छान. स्पेसिमेन तळ्यावर आठवड्यात दोन मासे म्हणजे चांगला आठवडा, वीस पौंड म्हणजे साधारण ९ किलो, तीस म्हणजे साडेतेरा, आणि चाळीसच्या वर गेला की माणूस त्या फोटोवर दहा वर्षं काढतो.

या माशांना नावं असतात हे ऐकून मला आधी गंमत वाटायची. रिचर्ड वॉकरने १९५२ च्या सप्टेंबरात हेरफर्डशायरच्या रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला, तो जिवंत लंडन झूमध्ये नेऊन ठेवला, त्याचं नाव क्लॅरिसा पडलं. नंतर केंटमधल्या कॉनिंगब्रुक तळ्यातला टू टोन ६७ पौंडांच्या वर गेला होता. एकच मासा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांना लागतो, वजन वाढलं की कमी झालं याची चर्चा होते, शेजारच्या मुलाच्या मार्कांसारखी. याचा अर्थ उघड आहे, मासा परत पाण्यात सोडायचा. घरी न्यायचा नाही, एक पण नाही, छोटा पण नाही. आई फोनवर अजून विचारते, आणि कालवण? तिला मी सांगणं सोडून दिलंय, पण तुम्ही तळ्यावर हा प्रश्न चुकूनही कोणाला विचारू नका.

ऑक्टोबरच का? मासा थंड रक्ताचा, पाणी गार पडत गेलं की त्याचं पचन मंदावतं, १० अंशांच्या खाली तर तो फारसं खातच नाही, म्हणून त्याआधी थंडीसाठी अंगावर चरबी चढवून घेतो. वरून उन्हाळ्यातलं पाणगवत मरायला लागलेलं असतं, त्यातले किडे-गोगलगायी कमी होतात, मग तो तुमच्या आमिषाकडे वळतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत ही खिडकी असते. मला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आवडतो, मध्येच कोजागिरी आली तर पाण्यावर चंद्र आणि हातात गरम दूध, जरी चांदण्याच्या निरभ्र रात्री मासे मला तरी कमीच लागलेत.

कागदपत्रं

इंग्लंडमध्ये १३ वर्षांपुढच्या कोणालाही रॉड लायसन्स लागतंच, एन्व्हायर्नमेंट एजन्सीचं, सरकारी साइटवर पाच मिनिटांत मिळतं. एक दिवसाचं, आठ दिवसांचं आणि वर्षाचं असं असतं, आठ दिवसांचं या आठवड्याला बरोबर बसतं पण त्यात दोनच रॉड टाकता येतात, तीन टाकायचे तर वर्षाचं तीन रॉडवालं घ्या. नवीन माणसाला दोन रॉड भरपूर झाले, तिसरा रॉड म्हणजे गुंता. लायसन्स नसेल तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जातो आणि तपासायला खरंच येतात, मला दोनदा विचारलंय, एकदा पहाटे सहाला.

लायसन्स वेगळं आणि तळ्याचं तिकीट वेगळं हे लक्षात ठेवा. काही तळी डे तिकिटावर मिळतात, काही सिंडिकेटची असतात, म्हणजे मेंबर होण्यासाठी वेटिंग लिस्ट, आपल्याकडच्या जिमखान्यासारखं. पहिल्यांदा डे तिकीटवालं घ्या. बुक करताना नियम नीट वाचा कारण प्रत्येक तळ्याचे वेगळे असतात, गळाला बार्ब, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, चालतो की नाही, लेडकोर, म्हणजे आत शिसं असलेली जड लाइन, चालते का, दाणे चालतात का, जाळं तुमचं चालतं की त्यांचंच वापरायचं. जाळ्याचा नियम उगाच नाहीये, कॉई हर्पिस नावाचा व्हायरस ओल्या जाळ्यातून किंवा मॅटमधून (मॅट म्हणजे मासा ठेवायची गादी) एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो आणि अख्खं तळं मारतो, म्हणून गेटवर औषधाच्या टाकीत जाळं बुडवायला सांगतात. कुरकुर न करता बुडवा.

सामान

इथे लोक वाहवत जातात. दुकानात गेलात की दुकानदार तुमच्याकडे बघून ओळखतो की हा आयटीवाला आहे. १२ फुटी दोन रॉड, तीन पौंडांच्या आसपास टेस्ट कर्ववाले (म्हणजे रॉड काटकोनात वाकवायला लागणारं वजन), जुने घेतले तरी चालतील. त्यावर मोठे रील, १५ पौंडांची मोनो लाइन. दोन बाइट अलार्म, म्हणजे लाइन हलली की वाजणारे डबे. यात पैसे वाचवू नका असं सगळे म्हणतात, मी म्हणतो खुशाल वाचवा पण पावसात भिजवून बघितलेले घ्या, माझा स्वस्तातला एक अलार्म रात्रभर पावसात आपोआप वाजत होता आणि शेजारचा जर्मन म्हातारा पहाटे येऊन काही न बोलता त्याची बॅटरी काढून गेला.

पैसे जिथे घालायचे ते माशासाठीच्या सामानात. ४२ इंची लँडिंग नेट, जाड गादीचा किंवा पाळण्यासारखा अनहूकिंग मॅट, वजन करायची झोळी, काटा, आणि जखमेवर लावायचं अँटिसेप्टिक. हे नसेल तर बहुतेक तळी आतच सोडत नाहीत आणि बरोबरच आहे.

राहण्यासाठी तंबू, इथे त्याला बिव्ही म्हणतात, बेडचेअर, आणि थंडीची स्लीपिंग बॅग. ऑक्टोबरात दिवसा १५ अंश असले तरी निरभ्र रात्री ३-४ वर उतरतं आणि दवाने सगळं ओलं होतं. शेगडीसाठी गॅस घेताना नुसता ब्यूटेन घेऊ नका, गारठ्यात तो नीट पेटत नाही, प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. आणि हे मात्र नीट वाचा: तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. पाऊस असो वारा असो, ऊब हवी म्हणून नाही, दोन मिनिटं चहापुरती पण नाही. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि इथे लोक त्याने झोपेत गेलेत. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म मिळतो तो आत टांगून ठेवा.

हे सगळं न्यायला तीन चाकी बॅरो, म्हणजे ढकलगाडी, लागते. बॅरो नसेल तर तुम्ही माझ्यासारखे कार पार्कजवळच बसणार.

आमिष

बॉयली म्हणजे अंडं, पीठ आणि फिशमील वगैरे मळून उकडलेल्या गोळ्या, १५-१८ मिलिमीटरच्या. दुकानात शंभर वास मिळतात. वॉकरचा तो ४४ पौंडी मासा पावावर लागला होता, आणि १९८० मध्ये त्याच रेडमायरमध्ये ख्रिस येट्सने साडेएक्कावन्न पौंडांचा धरला तो मक्याच्या दाण्यांवर, तेव्हा वासावर फार डोकं लावू नका, एकच चांगली बॉयली घ्या आणि आठवडाभर तीच वापरा.

दाणे मला जास्त आवडतात, स्वस्त पडतात आणि आपल्याला भिजवायची-उकडायची सवय आहेच. मका, हेम्पचं बी, काबुली चणे पण, हो, छोल्यांचेच, कार्प ते आवडीने खातो. फक्त २४ तास भिजवून अर्धा तास उकडल्याशिवाय पाण्यात टाकायचे नाहीत, कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगला तर त्याला त्रास होतो. शेंगदाण्यांवर बऱ्याच तळ्यांवर बंदी आहे. तुम्ही स्वतः खायला न्या, पाण्यात नको.

किती न्यायचं? आठवड्याला सहा-सात किलो बॉयली आणि एक बादली दाणे, आणि त्यातले अर्धे परत आणायची तयारी ठेवा. कमी माशांच्या तळ्यात पहिल्याच संध्याकाळी पाच किलो ओतलं की ते काढता येत नाही, मासे पोटभर खाऊन बाजूला होतात आणि तुमचा एक गळ त्या हजार गोळ्यांत हरवतो.

पहिला दिवस: रॉड गाडीतच ठेवा

सकाळी लवकर पोचा, गेट उघडल्या उघडल्या. गाडी लॉक करा, एक रिकामी बादली, दुर्बीण किंवा पोलरॉइड चष्मा आणि थर्मास घेऊन तळ्याला पूर्ण फेरी मारा. आणि मग अजून एक. घाईघाईने नाही, प्रत्येक जागी दहा मिनिटं उभं राहायचं. काय बघायचं तर पाण्यातून अंग बाहेर काढून पडणारा मासा, तो तर लांबूनही ऐकू येतो. मग तळाशी उकरतोय तिथून वर येणारे बारीक फेसासारखे बुडबुडे, एकाच ठिकाणी सतत आणि हळूहळू सरकणारे. आणि गढूळ झालेला पट्टा. शांत पाण्यात एखादी लाट कारण नसताना उठली तर ती पण.

वारा बघा. नैऋत्येकडून येणारा ओलसर, कोमट वारा आणि ढगाळ हवा, हवेचा दाब उतरलेला, हे ऑक्टोबरातलं सगळ्यात चांगलं कॉम्बिनेशन. असा वारा नवीन सुरू झाला की मासे वाऱ्याबरोबर त्या काठाला सरकतात, म्हणजे तोंडावर वारा येईल अशी गैरसोयीची जागा बरोबर असते. उत्तरेचा गार वारा असेल तर उलट, आडोशाचा काठ बघा.

मासा दिसला की त्या जागेत बादली ठेवून या. बादली ठेवली की जागा तुमची, हा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता आहे, तरी बेलिफला विचारून घ्या. बेलिफ म्हणजे तळ्याचा राखणदार, त्याच्याशी चहावर दहा मिनिटं बोलणं हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कामाचं. काहीच दिसलं नाही तर मध्यावरची, जास्त पाणी नजरेत येईल अशी जागा घ्या आणि ती कायमची समजू नका.

तळ समजणं

इंग्लंडच्या दक्षिणेकडची बरीच तळी म्हणजे रेती-खडी काढून झालेल्या खाणी, त्यात पाणी भरलंय. म्हणून तळ सपाट नसतो, खडीचे उंचवटे, मध्ये गाळाच्या घळी. नुसतं शिसं लाइनला बांधून टाकायचं आणि ते तळाला टेकताना रॉडवर काय जाणवतं ते बघायचं. ठक्क असं लागलं तर खडी, मऊ धप्प झालं तर गाळ, ओढताना अडकत अडकत आलं तर गवत. कडक आणि मऊच्या सीमेवरची स्वच्छ जागा शोधा. चार-पाच फेकींत आटपा, तासभर शिसं आपटत बसलात तर ज्या माशांसाठी आलात ते निघून जातात.

जागा सापडली की अंतर मोजायचं. १२ फुटांवर दोन काठ्या रोवून त्याभोवती लाइन गुंडाळतात, एका काठीपासून दुसरीपर्यंत एक रॅप, म्हणजे चार यार्ड. १८ रॅप झाले तर ७२ यार्ड, साधारण ६६ मीटर. हे वहीत लिहा आणि समोरच्या काठावरचं एखादं झाड पण लिहा, असं झाड ज्याचा आकार रात्रीही आभाळावर दिसेल. लाइन रीलच्या क्लिपमध्ये अडकवून फेकली की दरवेळी तिथेच पडते. पण फेकून झाल्यावर क्लिपमधून काढायला विसरू नका, मासा धावला आणि लाइन क्लिपवर अडली तर तुटते आणि माशाच्या तोंडात गळ राहतो.

रिग

रिग म्हणजे गळ, दोरा आणि शिसं यांची बांधणी. इथे सगळं विज्ञान ओततात, मी थोडक्यात सांगतो. गळावर आमिष लावायचंच नाही, गळाच्या मागे बारीक दोऱ्यावर लोंबकळत ठेवायचं, त्याला हेअर रिग म्हणतात, केविन मॅडॉक्स आणि लेनी मिडलटन यांनी काढलेली युक्ती. कार्प आमिष तोंडात ओढतो, नको वाटलं तर थुंकतो, आणि थुंकताना उघडा गळ खालच्या ओठात रुततो, पुढे तीन औंसाचं शिसं असतं त्याचं वजन लागलं की तो घाबरून पळतो. सहा नंबरचा धारदार गळ, सात-आठ इंचाचा दोरा, बस्स. धार नखावर घासून बघा, घसरली तर गळ बदला. आणि शिसं असं बांधा की लाइन तुटली तर मासा ते ओढत फिरणार नाही, लेड क्लिपवर ते सुटून पडतं. हे जमत नसेल तर दुकानात माणसाला समोर करून दाखवायला सांगा, लाजू नका.

ऑक्टोबरची एक खास अडचण म्हणजे पानं. झाडाखालच्या काठाला तळावर सडक्या पानांचा थर असतो, त्यात आमिष बुडून जातं, तिथे तरंगणारी पॉप-अप बॉयली वापरा जी तळापासून इंचभर वर राहते.

रात्री, आणि मधले दिवस

ऑक्टोबरअखेर इथे घड्याळं तासभर मागे करतात, त्याआधी, ऑक्टोबरच्या मध्यावर, साधारण सव्वासहाला सूर्य मावळतो आणि सकाळी सव्वासातनंतर उगवतो. म्हणजे तेरा तास अंधार. याची तयारी बहुतेक लोक करत नाहीत. रॉड उजेड असतानाच टाकून घ्या, हेडटॉर्च गळ्यात, बूट तोंड वर करून दाराशी, जाळं रॉडच्या शेजारी, मॅट ओला करून ठेवलेला. रॉड पाण्यात टाकून लांब जाणं हा कायद्यानेही गुन्हा आहे, तेव्हा संडासला किंवा शेजाऱ्याकडे गप्पा मारायला जाताना रॉड बाहेर काढा.

खायचं म्हणाल तर शेजारचे गोरे बेकन तळत असतात आणि वास असा येतो की विचारू नका. मी मेतकूट, भात, भाजणी आणि लोणचं नेतो, भाजणीचं थालीपीठ एका तव्यावर होतं आणि दुपारपर्यंत टिकतं. ओल्या लाकडासारखं थंड पडलेलं अंग सकाळी आल्याच्या चहाने सुटतं.

रोज पहाटे, उजाडायच्या अर्धा तास आधी उठून बाहेर खुर्चीत बसा. हे नाही केलं तर बाकी काही करून उपयोग नाही. त्या तासाभरात मासे स्वतःला दाखवतात, कुठे आणि किती वाजता ते वहीत लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यात काहीतरी दिसायला लागतं, उदाहरणार्थ रोज पावणेआठला त्याच वळणावर. मग एक रॉड तिथे. तरी दोन दिवस तुमच्या पाण्यात काहीच हालचाल नाही आणि दुसरीकडे आहे, तर उठा. बॅरो भरा. पावसात, चिखलात, शेजारी बघून हसतोय तरी. मागच्या वर्षी मी बुधवारी दुपारी अडीच तास घालवून सामान हलवलं, रॉड अंधार पडताना कसेबसे टाकले, आणि रात्री पावणेदोनला २८ पौंड ४ औंसाचा मिरर. आधीच्या जागेत चार दिवसांत अलार्म एकदाही वाजला नव्हता.

आमिष रोज थोडं. पहिल्या संध्याकाळी दोन्ही रॉडवर मिळून मूठ-दोन मुठी दाणे आणि वीसेक बॉयली. मासा लागला तर अर्धा किलो वाढवा, नाही लागला तर काहीच वाढवायचं नाही.

मासा लागला तर

अलार्म सलग किंचाळतो. पळत जाऊ नका, घसराल, माझा गुडघा साक्षीला आहे. रॉड उचला, वाकू द्या, क्लच, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल ठेवा, त्याला पळू द्या. काठाजवळ आल्यावर तो शेवटचं दोन-तीनदा खाली मुसंडी मारतो, बहुतेक मासे इथेच सुटतात कारण माणूस घाई करतो. जाळं पाण्यात स्थिर ठेवून मासा त्यावर आणायचा, जाळं माशाच्या मागे फिरवायचं नाही.

जाळ्यात आल्यावर त्याला पाण्यातच राहू द्या आणि आधी काटा, झोळी, कॅमेरा, पाण्याची बादली सगळं मांडा. मग बाहेर. गुडघ्यावर बसूनच धरायचा, मॅटच्या वर फूटभर, उभं राहून कधीच नाही. अंगावर पाणी ओतत राहा, गळ काढा, ओठावर औषध लावा, झोळी ओली करून वजन घ्या आणि झोळीचं वजन वजा करा. फोटो दोन-तीन पुरेत. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. सोडताना पाण्यात धरून ठेवा, तो स्वतः शेपटी मारून जाईपर्यंत.

शेवटचा दिवस

आदल्या रात्रीच बॉयलीचे डबे, शेगडी वगैरे आवरून ठेवा आणि रॉड शेवटपर्यंत पाण्यात ठेवा, सातव्या पहाटे बरेच मासे लागतात, लोक तोवर तंबू घडी करत असतात. लाइनचे तुकडे एक इंचाचेही सोडू नका, बदकांच्या पायात अडकतात. घरी आल्यावर तंबू, जाळं आणि मॅट त्याच दिवशी पसरून पूर्ण सुकवा, मी एकदा तसंच गॅरेजमध्ये टाकलं आणि दिवाळीला बायकोने फराळाचे डबे काढायला दार उघडलं, त्यानंतर माझं सगळं सामान आता बागेतल्या शेडमध्ये असतं.